साष्टीतील पाषाणगृहे

बोरिवलीहून पूर्वेकडे आणि मुलुंडहून पश्चिमेकडे निघालेले दोन वाटसरू मधल्या अरण्यातून चालत राहिले, तर ज्या एका काळ्या, घुमटाकार आणि बव्हंशी उघड्या खडकाच्या परिसरात त्यांची गाठ पडेल, त्या खडकात सुमारे एक सहस्र वर्षे माणसांची वस्ती होती, हे उपनगरांत राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या वस्तीतल्या माणसांना राहावयास घरे होती, त्या घरांना अंगणे, पायऱ्या, ओसऱ्या, खिडक्या आणि निजण्याचे ओटे होते, दाराशी पाण्याचे टाके होते, आणि ही सर्व रचना कोकणातील चार महिन्यांच्या पावसाचा पुरता विचार करून झालेली होती, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते. या वस्तीला, म्हणजे कान्हेरीला, आपण लेणी म्हणतो, आणि लेणी म्हटले की आपली दृष्टी मूर्तींकडे, स्तूपाकडे आणि चैत्यगृहाच्या स्तंभांकडे धावते. चैत्यगृह हे उपासनेचे स्थान. त्याची भव्यता डोळ्यांत भरावी अशीच आहे. तथापि येथील शंभरांहून अधिक खोदकामांपैकी फार मोठा भाग निवासस्थानांचा आहे, आणि मुंबईची उपनगरे ज्यावर वसली आहेत त्या साष्टीच्या बेटावर पाषाणात घर कसे करावे, ते कसे टिकवावे, याचा पहिला आणि माझ्या मते आजवरचा सर्वांत परिपूर्ण विचार त्या लहानलहान विहारांत झालेला आहे.

दगडी घराची कीर्ती जगात गाजली ती बहुधा इंग्लंडच्या ग्रामीण भागातील घरांमुळे. ऑक्सफर्डशायरमधील केल्म्स्कॉट नावाच्या खेड्यात इ. स. 1600 च्या सुमारास एका शेतकरी कुटुंबाने बांधलेले चुनखडीच्या दगडाचे घर पुढे 1871 मध्ये विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने भाड्याने घेतले, आणि त्या घराच्या सहवासात त्याची जी दृष्टी घडली तिच्यातून जुन्या इमारतींचे रक्षण कसे करावे याविषयीचे पुढचे पुष्कळसे चिंतन जन्माला आले. 1877 मध्ये त्याने त्या कार्यासाठी एक संस्थाही स्थापन केली. त्या प्रदेशातील घरांचे छप्परदेखील दगडाच्या पातळ चिपांचे असते: वळचणीशी मोठ्या चिपा, आणि आढ्याकडे जावे तशा त्या लहान होत जातात. खिडकीच्या वर भिंतीतून थोडीशी पुढे आलेली दगडी पट्टी ठेवलेली असते, ती भिंतीवरून ओघळणारे पाणी खिडकीवर न येता बाजूला पडावे म्हणून. तेथील पाऊस आपल्या पावसाच्या एकतृतीयांशाइतका. तोही वर्षभर वाटून पडणारा. तरीही तेथल्या गवंड्याने छपराचा उतार, चिपांची मांडणी आणि खिडकीवरची पट्टी यांचा इतका विचार केला, तर ज्या भूमीवर वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जवळजवळ चारच महिन्यांत कोसळतो, त्या भूमीवरील पाथरवटाला किती विचार करावा लागला असेल, या प्रश्नाचे उत्तर कान्हेरीच्या खडकावर कोरलेले आहे.

येथे एक मूलभूत भेद ध्यानी घेतला पाहिजे. केल्म्स्कॉटचे घर दगडावर दगड रचून उभे राहिले. कान्हेरीचे घर दगडातून दगड काढून निर्माण झाले. रचलेल्या भिंतीत एखादा चिरा चुकीचा बसला तर तो काढून दुसरा बसवता येतो. खोदलेल्या भिंतीतून एक ढलपी अधिक निघाली तर ती परत चिकटवण्याचा मार्ग नाही. म्हणून लेणे खोदणारा कारागीर दर्शनी भाग तासून घेई आणि छताकडून काम सुरू करून खाली जमिनीकडे येई, म्हणजे परांची बांधण्याचे कारण उरत नसे आणि छताचे काम पुरे होईपर्यंत पायाखाली खडकच आधाराला राही. कान्हेरीच्या चढणीवर प्रथम लागणारे पहिल्या क्रमांकाचे लेणे अपुरे राहिलेले आहे, आणि पुष्कळ लोक ते ओलांडून पुढच्या चैत्यगृहाकडे घाईने निघून जातात. वास्तुविद्येच्या जिज्ञासूने मात्र तेथे अवश्य थांबावे, कारण पुऱ्या झालेल्या कामात लपून जाणारी कामाची रीत अशा अपुऱ्या कामातच उघडी दिसते.

आता त्या लहान विहारांपैकी कोणताही एक घ्यावा. खडकाच्या उतारावर खोदलेल्या पायऱ्यांनी वर आले की एक छोटे अंगण लागते. अंगणाच्या एका अंगाला, खडकाच्या पोटात शिरलेले, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस असे पाण्याचे टाके. अंगणातून दोन-तीन पायऱ्या चढून ओसरीत यावे. ओसरीच्या पुढच्या कडेला बहुधा दोन अष्टकोनी खांब, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस बसते कठडे. ओसरीच्या मागील भिंतीत मधोमध दार आणि त्याच्या दोहो बाजूंना खिडक्या, काही ठिकाणी त्या खिडक्या दगडी जाळीच्या. आत एक दालन, त्याच्या भिंतीला लागून दगडाचाच ओटा, आणि दालनाच्या एका बाजूला भिक्षूच्या निजण्याची खोली. तीतही एक ओटा, हाच त्याचा पलंग. दारांच्या चौकटींत जी खोबणी दिसतात ती लाकडी दारे बसवण्यासाठी केलेली आहेत. ओसरी, माजघर आणि निजण्याची खोली असा बाहेरून आत जाणारा हा क्रम पाहिला म्हणजे कोकणातील साध्या घराची आठवण कोणालाही व्हावी. कारण गृहस्थाचे घर असो वा भिक्षूचे, उन्हापासून सावलीकडे आणि पावसापासून कोरड्याकडे नेणाऱ्या पायऱ्या त्याच.

या रचनेचा प्राण म्हणजे पाणी, आणि माझ्या प्रतिपादनाचा मुख्य मुद्दाही तोच आहे. दगड टिकाऊ असतो ही सर्वसाधारण समजूत अर्धीच खरी आहे. साष्टीचा डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून आणि राखेच्या थरांपासून झालेला. त्यात कोठे अभंग काळा कातळ आहे, तर कोठे खडकाचे तुकडे आणि राख यांचा मिसळून घट्ट झालेला गोळा, जो पाणी मुरले की झिजू लागतो. अंधेरीच्या पूर्वेस कोंडिविटे येथील महाकाली लेण्यांची जी दुर्दशा दिसते, तिचे मोठे कारण या दुसऱ्या प्रकारचा ठिसूळ खडक हेच आहे. तेव्हा घर टिकवावयाचे तर पाणी भिंतीवरून वाहू देता कामा नये, आणि डोंगरावर राहावयाचे तर तेच पाणी वाया जाऊ देताही कामा नये. या दोन परस्परविरोधी गरजा एकाच युक्तीने भागवणे हे कान्हेरीच्या कारागिरांचे खरे वैभव होय. लेण्याच्या दर्शनी भागावर त्यांनी खडकाची कपाळपट्टी पुढे राखली, म्हणजे वरून येणारे पाणी ओसरीच्या खांबांवर न येता पुढे ठिबकावे. खडकाच्या पाठीवर उथळ पन्हळी खोदल्या, म्हणजे उतारावरचे पाणी लेण्याच्या माथ्यावरून न वाहता बाजूने वळावे. आणि त्या पन्हळींची तोंडे टाक्यांकडे नेली. इंग्लंडातील गवंड्याने खिडकीवर बसवलेली पट्टी आणि कान्हेरीच्या पाथरवटाने ओसरीवर राखलेली कपाळपट्टी यांचे प्रयोजन एकच. परंतु इंग्लंडातील गवंडी पाणी भिंतीपासून दूर सारून थांबला, आणि येथला कारागीर ते पाणी साठवून उन्हाळ्यापर्यंत पुरवू लागला. घळीत बांध घालून पाणी अडवल्याच्या खुणाही येथे आढळल्या आहेत. एका डोंगरावर, नदीपासून आणि बाजारापासून दूर, एवढी मोठी वस्ती शतकानुशतके राहू शकली, याचे श्रेय श्रद्धेइतकेच या टाक्यांना दिले पाहिजे.

लाकडाचाही या घरांत वाटा होता, जरी आज तो दिसत नाही. लेण्यांच्या पुढे खडकात जी गोल वा चौकोनी भोके आढळतात, ती खांब रोवून पावसाळ्यात पुढे मांडव घालण्याची असावीत असे जुन्या निरीक्षकांनी नमूद केले आहे. ओसरीच्या कपाळपट्टीने सरळ पडणारा पाऊस थोपवता येई. पण आषाढातला नैर्ऋत्येचा पाऊस आडवा येतो, आणि त्याला अडवण्यास पुढे झडपच हवी. कोकणात पावसाळ्यापूर्वी घराच्या वाऱ्याकडील अंगाला झावळ्यांची किंवा गवताची झडप बांधण्याची जी चाल अगदी अलीकडेपर्यंत होती, तिचेच हे प्राचीन रूप मानावयास मला काही प्रत्यवाय दिसत नाही.

ही घरे कोणी करविली, याचे उत्तर त्यांच्या भिंतींवरच लिहिलेले आहे, आणि या बाबतीत कान्हेरीचे भाग्य असे की येथल्याइतके शिलालेख पश्चिम भारतातील दुसऱ्या कोणत्याही एका लेणीसमूहात मिळणे दुर्मिळ. ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील या लेखांतून कल्याण, सोपारा, चौल या बंदरांची नावे पुन्हा पुन्हा येतात. सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकाराने लेणे दिले. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. आणि त्याच कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने काय दिले, तर डोंगरावरची वाट. मला स्वतःला या सर्व दानांत त्या लोहाराचे दान सर्वांत हृद्य वाटते. ज्याच्या घणाने आणि भात्याने पाथरवटांच्या छिन्न्यांना पाणी दिले असेल, अशा व्यवसायाच्या माणसाने घर नव्हे, मूर्ती नव्हे, तर घराकडे नेणारी वाट दान करावी, यात घराची कल्पना किती विशाल झालेली आहे! घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. वाट आणि पाणी ही घराचीच अंगे होत, आणि म्हणून त्यांची दाने स्वतंत्रपणे नोंदवण्याच्या योग्यतेची मानली गेली.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे अक्षयनीवीची, अर्थात कायम ठेवीची. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या राज्याच्या सोळाव्या वर्षीच्या एका लेखात कल्याणच्या एका व्यापारी उपासकाने लेणे तर दिलेच, पण त्याबरोबर दोनशे कार्षापणांची ठेव आणि मंगलस्थान या गावातील एक शेतही दिले, म्हणजे त्याच्या उत्पन्नातून तेथे राहणाऱ्या भिक्षूला चीवर, म्हणजे वस्त्र, मिळत राहावे. हे मंगलस्थान म्हणजे बोरिवलीजवळचे मागाठाणे होय असे विद्वानांचे मत आहे, आणि मागाठाण्यासही लेणी आहेत. ज्या मागाठाण्याच्या नावाचा बसथांबा आज हजारो उपनगरवासी रोज ओलांडतात, तेथली शेती अठराशे वर्षांपूर्वी एका दगडी घराच्या योगक्षेमासाठी लावून दिलेली होती! मुद्दल कायम राखावयाचे, व्याजावर वा उत्पन्नावर खर्च चालवावयाचा, आणि हे सारे दगडावर कोरून ठेवावयाचे, म्हणजे कोणा पुढच्या कारभाऱ्यास ते बुडवता येऊ नये: एवढी चोख तजवीज पुढील काळातील इनामांच्या सनदांतही सदैव आढळत नाही.

ही परंपरा किती दीर्घकाळ चालली ते पाहावयाचे तर अकराव्या क्रमांकाच्या, लोक ज्यास दरबार म्हणतात त्या लेण्याकडे यावे. येथील प्रशस्त दालनात जमिनीलगत दोन लांबलचक दगडी बैठका समांतर कोरलेल्या आहेत. वेरूळच्या पाचव्या लेण्यातही अशाच आहेत. संघाने एकत्र बसून अध्ययन, पठण वा भोजन करावे अशी ही योजना; लहान विहार हे एकट्याचे घर, तर हे सर्वांचे माजघर. नवव्या शतकात उत्तर कोकणात शिलाहारांची सत्ता होती आणि ते राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे मांडलिक होते. त्या काळच्या लेखांपैकी शके 775 म्हणजे इ. स. 853 च्या सुमाराच्या एका लेखात गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या गृहस्थाने भिक्षूंसाठी ध्यानास योग्य अशा कोठड्या करवून शंभर द्रम्मांची ठेव दिल्याची नोंद आहे. बंगालचा माणूस साष्टीच्या डोंगरात घर बांधण्यासाठी धन देतो, हे त्या काळच्या दळणवळणाचे केवढे प्रमाण! त्याच शतकातील दुसऱ्या एका लेखात पूजेसाठी, चीवरांसाठी, ग्रंथांसाठी आणि विहाराच्या डागडुजीसाठी वेगवेगळी रक्कम नेमून दिलेली आहे. डागडुजी! सातशे-आठशे वर्षे अखंड खडकात राहिलेल्या लोकांनाही ठाऊक होते की दगडाचे घरसुद्धा दरसाल हात फिरवल्यावाचून टिकत नाही.

पुढे संघ क्षीण झाला आणि वस्ती विरळ होत गेली. इ. स. 1009 मध्ये आणि पुन्हा 1021 मध्ये काही पारशी मंडळी येथे येऊन गेली आणि नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे कोरून गेली. ते यात्रिक म्हणून आले की केवळ पाहुणे म्हणून, ते असो, पण त्यांनी आपली नावे मिती-वर्षासह नोंदवली हे आपल्यावर उपकारच होत. त्यानंतरच्या काळाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना ही घरे रिकामी आणि अद्भुत वाटली, आणि दिओगो द कूतो या त्यांच्या इतिहासकाराने अंतोनिओ द पोर्तो नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री माणसे आणि दोर घेऊन डोंगराच्या पोटातील वाटा शोधीत कित्येक दिवस भटकल्याची कथा लिहून ठेवली. इंग्रजी अमलात हेन्री सॉल्टने 1806 मध्ये पाहणी करून चित्रांसह वर्णन दिले; 1839 मध्ये जेम्स बर्डने चैत्यासमोरचा स्तूप खोदला असता त्रैकूटक राजांच्या शकातील 245 व्या वर्षाचा, म्हणजे इ. स. 494 च्या सुमाराचा ताम्रपट हाती आला. परंतु या घरांचे दस्तऐवज खऱ्या अर्थाने वाचले गेले ते भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडितांच्या परिश्रमाने, आणि एकत्र सिद्ध झाले ते 1991 मध्ये, डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांचा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा.

अंतोनिओ द पोर्तोचे नाव निघाले, तेव्हा बोरिवलीच्या पश्चिमेकडील मंडपेश्वरास जाणे ओघानेच आले. येथे सहाव्या शतकाच्या आसपास खोदलेले शिवालय. सोळाव्या शतकाच्या मध्याला या पाद्र्याने त्याचे प्रार्थनामंदिर केले आणि डोंगराच्या माथ्यावर, लेण्याच्या बरोबर वर, मठ व विद्यालय यांची मोठी दगडी इमारत उभी राहिली. साष्टीच्या वास्तुविद्येच्या इतिहासात हे स्थळ मला फार मोलाचे वाटते, कारण खोदण्याची रीत आणि रचण्याची रीत येथे एकावर एक उभ्या आहेत: खाली डोंगर कोरून केलेले दालन, वर डोंगराचेच दगड फोडून चुन्यात बांधलेल्या भिंती. खालच्या दालनाला छपराची चिंता नाही; वरच्या इमारतीचा सारा जीव छपरात. 1737 ते 1739 या काळातील चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली, मठ ओस पडला, लेण्यात पुन्हा शिवाची पूजा होऊ लागली; आणि माथ्यावरच्या इमारतीचे छप्पर गेल्यावर तिच्या भिंतींत पाणी शिरले, पाण्यामागून पिंपळाची मुळे शिरली. आज खालचे हजार वर्षांनी वडील असलेले दालन निवाऱ्याच्या कामी येते, आणि वरची इमारत नुसत्या भिंतींची उरली आहे. हाच प्रकार अंधेरीस कोंडिविट्याच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचा. 1579 मध्ये बांधलेले हे चर्च 1840 मध्ये रोगाच्या साथीमुळे गावकऱ्यांनी सोडले, वस्ती मरोळला गेली, आणि निर्यातप्रक्रिया क्षेत्राच्या कुंपणाआड त्या चर्चच्या उघड्या भिंती अजून उभ्या आहेत.

मठ आणि चर्चे उभारताना जे कसब या बेटावर रुजले ते पुढे गावठाणांतील घरांत उतरले. मनोरी, गोराई, मरोळ, आंबोली येथील ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती लोकांची जुनी घरे, आणि त्यांच्या शेजारची कोळी, आगरी, पाठारे मंडळींची घरे यांच्यात देवघर आणि क्रूस एवढा भेद सोडला तर बांधणीचे तत्त्व एकच. घराचे जोते काळ्या घडीव दगडाचे आणि कमरेइतके उंच, म्हणजे अंगणात तुंबलेले पाणी भिंतीस लागू नये. जोत्यावर जाड भिंत, आतून-बाहेरून समोरासमोर दगड लावून मध्ये चिपा व चुना भरलेली. समुद्राच्या शिंपल्यांचा भाजलेला चुना आणि वाळू घाणीत मळून केलेला गिलावा. पुढे ओटी, तिच्यावर उतरते छप्पर, लाकडी खांब. दुमजली घर असेल तर जिना पुष्कळदा बाहेरून, कारण वरच्या मजल्यावर वेगळे बिऱ्हाड ठेवण्यास ते सोयीचे. छपरावर पूर्वी नळीची कौले असत. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर ती चपटी खाचेची कौले गलबतांतून कोकणच्या बंदरोबंदरी पोहोचली आणि काही दशकांत साष्टीची घरे तांबडी दिसू लागली. नळीच्या कौलाला दरवर्षी चाळावे लागे, वानर वा वादळ यांनी सरकलेली कौले परत बसवावी लागत. मंगळुरी कौल खाचेत अडकत असल्यामुळे ते श्रम पुष्कळ कमी झाले. तरीही रोहिणी निघाल्या की शाकारणीची लगबग ठरलेलीच. छपरावरून पागोळ्या पडतात तेथे अंगणात दगडी फरसाची ओळ घालण्याची चाल होती, म्हणजे पाण्याच्या माऱ्याने माती उडून जोत्यावर येऊ नये आणि पाणी उताराने विहिरीकडे वा शेताकडे जावे. कान्हेरीच्या खडकावरील पन्हळ आणि गावठाणातल्या घराची ही पागोळ्यांची फरसबंदी यांच्यामध्ये दीड हजार वर्षांचे अंतर आहे. बुद्धी मात्र एकाच पावसाने शिकवलेली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवाच प्रकार सुरू झाला. मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडून तेथे मोठमोठ्या सरकारी इमारती उठू लागल्या, आणि त्यांना लागणारा दगड साष्टीच्या टेकड्यांतून निघू लागला. कुर्ल्याच्या आणि मालाडच्या खाणींची नावे कंत्राटदारांच्या तोंडी बसली. विल्यम एमर्सनच्या क्रॉफर्ड मार्केटला आणि 1878 मध्ये पुरा झालेल्या राजाबाई मनोऱ्याला कुर्ल्याचा पिवळसर दगड लागला. बोरीबंदरचे भव्य स्थानक मालाडच्या दगडाने सजले. आणि 1924 मध्ये उघडलेल्या गेटवे ऑफ इंडियाचा पिवळा दगड मालाडजवळच्या खारोडीचा. दगड फोडणारे वडार आणि घडवणारे पाथरवट यांची नावे मात्र कोणत्याही कोनशिलेवर नाहीत. कल्याणच्या लोहाराला जे भाग्य लाभले ते यांना लाभले नाही. डोंगरातून घर करण्याऐवजी डोंगरच गाड्यांत भरून घराकडे नेण्याचा हा क्रम स्वातंत्र्यानंतरही सुरू राहिला. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी सुमारे दोनशे फूट उंचीच्या उभ्या काळ्या स्तंभांची. लाव्हा निवताना पडलेल्या भेगांमुळे असे स्तंभ तयार होतात. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. तिच्या भोवतालचा डोंगर खडीसाठी फोडला गेला, उरलेल्या स्तंभाला 1952 मध्ये संरक्षण मिळाले आणि 2007 मध्ये महापालिकेने त्याची वारसा म्हणून नोंद केली.

पाण्याच्या बाबतीतही शहराने याच डोंगराकडे हात पसरला, आणि हे उचितच झाले. 1854 च्या टंचाईनंतर हेन्री कॉनिबेअरच्या योजनेनुसार विहारचा तलाव बांधण्यात आला आणि 1860 पासून मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. 1879 मध्ये तुळशीचा तलाव पुरा झाला. कान्हेरीच्या भिक्षूंनी ज्या पर्जन्याच्या भरवशावर टाकी खोदली, त्याच पर्जन्याचे हे पाणी होय.

आता प्रश्न उरतो तो गावठाणांतील शिल्लक दगडी घरांचा. कान्हेरी पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या अरण्याने तिला वेढलेले आहे. तिची मला तितकीशी काळजी वाटत नाही. गावठाणांतील घरे मात्र वारसांची, अनेक हिस्सेदारांची, आणि चोहोबाजूंनी उंच इमारतींनी वेढलेली. आजूबाजूचे रस्ते दर डांबरीकरणाबरोबर चढत गेले आणि जोती तेवढीच खाली राहिली. ज्या जोत्याने शंभर वर्षे पाणी बाहेर ठेवले तेच आता रस्त्याच्या पातळीला आले, आणि जुलैच्या एखाद्या दिवशी ओटीवर पाणी येते. चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा दिला की आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही, भिंत आतल्या आत सडते. हा अपाय कित्येक ठिकाणी घरमालकाने सद्‌हेतूनेच, घर मजबूत व्हावे म्हणून केलेला असतो. शाकारणी जाणणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर कौल मिळत नाही, आणि दोन्ही मिळाले तरी खर्चाचा बोजा एका घराला झेपत नाही. मुंबईच्या वारसा नियमावलीने 1995 पासून जुन्या वास्तूंच्या याद्या केल्या, आणि यादीत नाव असले म्हणजे पाडण्याला अटकाव होतो, हे खरे. परंतु दर वैशाखात कौले चाळण्याचा, जोत्याच्या दर्जा चुन्याने भरण्याचा आणि अंगणाची फरसबंदी उताराला आणण्याचा खर्च बहुधा ज्याचे घर त्याच्याच माथी येतो.

म्हणून गावठाणांच्या रक्षणाविषयी जे कोणी आज विचार करीत असतील, मग ते गावचे रहिवासी असोत, नगररचनेचे अधिकारी असोत वा स्थापत्याचे विद्यार्थी असोत, त्यांना माझी कळकळीची विनंती अशी की प्रत्येक घराचा नकाशा काढताना दर्शनी नक्षीआधी जोत्याची उंची, रस्त्याची पातळी, छपराचा उतार आणि पागोळ्यांचे पाणी कोठे जाते ते मोजावे. आणि त्या मोजणीबरोबरच प्रत्येक गावठाणासाठी एक कायम ठेव असावी, जिच्या मुद्दलास हात लागणार नाही आणि जिच्या व्याजातून दरसाल शाकारणी व दर्जाभरणी होईल. नवव्या शतकातील लेखात डागडुजीची रक्कम वेगळी नेमून देणाऱ्या गृहस्थाला हे सुचले होते, आणि मागाठाण्याचे शेत देणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच्याही सुमारे साडेसहाशे वर्षे आधी. गोराईच्या वा मरोळच्या एखाद्या घरासाठी अशी ठेव करावयाची तर ती कोणाच्या नावे असावी, गावच्या पंचांच्या की चर्चच्या विश्वस्तांच्या की महापालिकेच्या, एवढाच मुद्दा ठरवावयाचा राहिला आहे, आणि तो या पावसाळ्यापूर्वी एखाद्या गावाने ठरवला तरी दुसऱ्यांना पाहण्यास एक उदाहरण मिळेल.